दगडोजीराजे यांचे डोईवरील पत्र्याची बखर

श्रीकुलदेवतेचे चरणी मस्तक आणि मस्तकावर छप्पर, ही दोन्ही शाबूत राहोत, ऐसी प्रार्थना करून लिहिणार लिहितो. शके सोळाशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, ते साली डोंगराचे कुशीत एक राज्य होते. राज्याचे नाव लिहीत नाही. नाव घेतले की दृष्ट लागते ऐसा त्या मुलखाचा समज, आणि लिहिणार त्याच मुलखाचा, तेव्हा उगाच विषाची परीक्षा कोण घेतो! राज्य लहान, भय मोठे. घुबड बोलले तर भय, आणि न बोलले तर का बोलत नाही म्हणोन भय. लेकरू गोरे जन्मले तर आई म्हणे, "काळं गं बाई, अगदी कोळसा," आणि पीक बरे आले तर कुणबी बांधावर उभा राहून मोठ्याने रडे, म्हणजे ऐकणारास वाटावे की हा बुडाला. ऐसे राज्य. आणि त्या राज्याचा एक दंडक होता, तो आधी सांगितला पाहिजे, कारण पुढील सर्व अनर्थ त्यातून उपजला. कोणाचे घरी काही नवे आले, वासरू म्हणा, सून म्हणा, जाते म्हणा, की गावातील घरांनी येऊन आपापल्या हाते त्यास काजळाची तीट लावावी. जो लावणार नाही त्याचे मनी पाप आहे ऐसे समजावे. आणि लाविलेली तीट कोणी पुसू नये, तिने आपोआप झिजावे. पुसली तर ज्याचे रक्षणास लाविली त्याचेच जिवावर बेतते, ऐसे वडील माणसे सांगत, आणि सांगताना आवाज खाली आणीत.

त्या राज्यातील यच्चावत घरे गवताने शाकारलेली, आणि राजवाडा म्हणावे ते मोठे घरही गवताचेच. दरसाल पावसापूर्वी शाकारणी होई, आणि मग रयत कोयते घेऊन डोंगरावर जाई, आणि गवत, कारवी, बांबू, वासे, जे मिळेल ते कापून आणी, आणि एका पावसात ते कुजे, आणि मग पुढले साली पुन्हा कोयते. पहिले जवळचा डोंगर बोडका जाहला, मग पलीकडला, मग त्याचेही पलीकडला, आणि माती पावसाबरोबर वाहोन गेली, आणि ओढे पौषातच आटो लागले. अखेर एकच झाडी उरली, ती गावचे माथ्यावरील देवीची राई. राईचे पोटी झरा, आणि त्या झऱ्यावर सारी वस्ती पाणी पिई. राई गेली की झरा गेला आणि झरा गेला की आपण गेलो, हे शेंबडे पोरही जाणत होते. तरी शाकारणी आली की कारभारी गिरमाजीपंत राईकडे टक लावून पाहत आणि म्हणत, "यंदा नको, पुढले साली पाहू." पुढले साल ते येणारच होते.

राजे तापाने निवर्तले होते आणि राणी द्वारकाऊसाहेब पाळण्यातील पुत्राचे नावे कारभार पाहत होत्या. पुत्राचे नाव दगडोजीराजे. राजपुत्रास दगड का म्हणावे ऐसे परमुलखीचे लोक विचारतात, म्हणोन सांगतो. यांचे आधी एक पुत्र जाहला होता, मोठा देखणा. एके दिवशी भर दुपारी मुदपाकखान्यातील ठिणगी वाऱ्याने उडाली आणि आढ्याचे गवतास लागली, आणि गवत ते काय, वाटच पाहत असते! आऊसाहेबांनी हातचा तांब्या टाकून धावावे, तो छप्पर पाळण्यावर बसले होते. पुढे लिहवत नाही. म्हणोन दुसरा जाहला तेव्हा त्याचे नाव दगड ठेविले, की काळाने डोकावावे आणि म्हणावे, छे, हा तर धोंडा, यास नेऊन काय करू. तरी आऊसाहेबांचा जीव थाऱ्यावर नसे. पाळण्यापाशी बसत आणि नजर मुलाकडे नाही, वर आढ्याकडे लाविलेली असे, आणि गवतात उंदीर खसफसला तरी मुलास उचलून अंगणात पळत.

मग त्या साली, थंडी सरता सरता, शाकारणीची मसलत भरली, आणि गिरमाजीपंत म्हणाले की डोंगरी आता गवत नाही, तेव्हा राई काढिल्याखेरीज इलाज नाही. तेव्हा आऊसाहेब पडद्याआडून बोलिल्या, "राई तोडावयाची नाही. आणि माझे लेकरू पुन्हा गवताखाली निजवावयाचे नाही. पत्र्याचे छप्पर करा." हे ऐकोन दरबाराची पाचावर धारण बसली. धातू डोईवर! गिरमाजीपंत हात जोडून म्हणाले, "आऊसाहेब, हे म्हणजे विजेस घरी जेवावयास बोलावणे आहे. शिवाय पाऊस पडला की आवाजाने माणूस वेडे होईल. आणि मुख्य म्हणजे आपल्यात हे कोणी केलेले नाही." त्यावर आऊसाहेब म्हणाल्या, "आपल्यात जे करितात ते मी भोगून बसले आहे, पंत." मग तांबट बसविले, आणि गावातील फुटक्या घागरी, चेपले हंडे, बुड गेलेली पातेली आणि एक तोफ, जी शत्रूवर कधी उडाली नाही आणि आपल्याच गोलंदाजावर एकदा फुटली, ऐसे सर्व मोडीत गोळा केले, आणि वितळवून, ठोकून, पत्रे केले. लिहिणाराने ते काम नजरेने पाहिले. पत्रा हलका, म्हणोन वासे निम्मेच लागले. डोंगराची एक काडी तोडावी लागली नाही. एकदा घातला की नातवंडांपावेतो पाहणे नको, आणि कधी काढावा वाटला तर पुन्हा वितळवून हंडे करावे, काही फुकट जात नाही. कडेने पन्हळी बसविल्या आणि अंगणात टाके खणिले, की वरील पावसाचे पाणी, ज्यात कुजक्या गवताचा वास नाही की किडा नाही, ते थेट टाक्यात पडावे. सर्व चोख काम जाहले. तरी पहिले दिवशी कावळा पत्र्यावर चालला, त्याच्या नखांचा टकटक आवाज खाली आला, आणि दरबारातील निम्मे मानकरी पागोटी सोडून पळाले. निम्म्यांत लिहिणार होता.

छप्पर घासून लखलखीत जाहले आणि फाल्गुनातील उन्हात ऐसे चमको लागले की खिंडीपलीकडील गुराखी ते पाहोन हात जोडीत. येथेच सर्वांचे तोंडचे पाणी पळाले. इतके झळाळणारे छप्पर, आणि खाली एकुलते लेकरू! दृष्ट लागणार नाही तर काय होईल? वाड्यात मैनाऊ म्हणोन दाई होती. तिने आऊसाहेबांस पदराखाली घेऊन वाढविले, त्यांचेबरोबर सासरी आली, आणि आता दगडोजीराजांस मांडीवर घेई, आणि राणीस एकटी तीच अरेतुरे करी. ती म्हणाली, "द्वारके, वर चकाकतंय ते काळजात घुसतंय बघ माझ्या. आधी तीट लाव." मग एरंडेलात काजळी खलून तिने शिडीवर चढून पत्र्याचे कोपऱ्यास अंगठाभर तीट लाविली, आणि कानशिलांवर बोटे मोडिली. मग आऊसाहेबांनीही एक लाविली, कारण त्या राणी असल्या तरी त्याच मुलखीच्या होत्या, आणि एक पाळणा रिता करून बसल्या होत्या. मग दंडकाप्रमाणे गाव लोटला. पाटील आला त्याने तळहातभर लाविली, म्हणोन देशमुखाने पसाभर लाविली, आणि गिरमाजीपंतांस वाटले की आपली भक्ती देशमुखापेक्षा कमी दिसो नये, म्हणोन त्यांनी घागरभर काजळी-तेल आणिले आणि केरसुणीने फासले. मग काय विचारता! ज्याची तीट लहान त्याचे मनी पाप, ऐसे होऊन बसले, आणि माणसे घमेल्यांनी काजळी आणो लागली, आणि चार दिशांनी छप्पर काळे करीत करीत मध्यावर येऊन मिळाली. सायंकाळी पाहावे तो पत्र्याचा एक डागही उजळ राहिला नाही. सर्वांस मोठे समाधान वाटले, आणि मैनाऊ मुलास म्हणाली, "आता कोण बघतोय रे माझ्या धोंड्याकडं!"

मग चैत्र लागला. पहिले आठ-पंधरा दिवस कोणी बोलिले नाही. मग दाराशी गेले की आतून झळ येऊ लागली. मग वैशाख उजाडला आणि राजवाडा म्हणजे कुंभाराची भट्टी जाहला. दुपारी खुंटीवरील मेणकापडाचे मेण गळून पडे. वाळ्याचे पडदे भिजवावे तर झऱ्यास पिण्यापुरतेच पाणी, आणि भिजविले तर पळात सुकत. मुलास जागा बदलून अन्य घरी न्यावे, तर तेथे गवत, आणि गवत म्हटले की आऊसाहेबांचे हातपाय गार पडत, त्या मुलास उराशी धरून म्हणत, "नाही, गवताखाली नाही, काही झाले तरी नाही." झाडाखाली न्यावे तर गावात झाड उरले नव्हते, आणि राईत आजारी मूल नेले तर देवी ठेवून घेते ऐसा समज. दगडोजीराजांचे अंगावर घामोळे उठले, मग ताप चढला, मग मूल दूध ओढीना. रडणे होते ते बरे होते, पुढे रडणेही बंद पडले, आणि ओठ सुकोन, डोळे अर्धे मिटून, ते पडून राहू लागले. मैनाऊ अंगारे लावी, मीठ-मोहऱ्या ओवाळी, आणि मोहऱ्या तडतडल्या की म्हणे, "बघ, केवढी दृष्ट!" त्या उकाड्यात मोहऱ्या चुलीवाचूनही तडतडल्या असत्या, पण हे बोलण्याची छाती कोणाची? गावात कुजबूज जाहली की धातूने पोर धरिले, आता ते सोडीत नाही.

तेव्हा गिरमाजीपंत सर्व मानकरी घेऊन आले आणि म्हणाले, "आऊसाहेब, पाया पडतो, हे छप्पर उतरवा. ओले गवत आणि राईचा हिरवा पाला घालू, बाळराजे निवतील. कोयते परजून ठेविले आहेत. आपण मान हालवा." आऊसाहेबांनी मुलाकडे पाहिले. त्याचे छातीचा भाता लागला होता. ज्या बाईने भर दरबारात राईसाठी वाघिणीसारखे तोंड दिले, तिचे डोळ्यांस धार लागली आणि ती म्हणाली, "तोडा. राई तोडा, काय वाटेल ते तोडा, माझे मूल वाचवा." मूल जाते की झरा जातो, की दोन्ही जातात, लिहिणारास काही उमजेना. मग ठरले की पहिले पत्रे उखडावे आणि त्याच दुपारी राईस कोयता लावावा.

पत्रे उखडण्यास सटवाजी पहारेकरी वर चढला. हा गडी धिप्पाड, दांडगा, वाघाच्या मागे काठी घेऊन गेलेला. जोडे घालून देवीचे राईसमोरील छपरावर चढू नये म्हणोन अनवाणी गेला. सूर्य माथ्यावर होता. शिडीवरून पत्र्यावर पाऊल टाकिले मात्र, तो जी किंकाळी फोडिली, ती ऐकोन खाली बायका एकमेकींस बिलगल्या. मग सटवाजी छपरावर नाचो लागला. एक पाय उचली, दुसरा टेकी, दुसरा उचली, पहिला टेकी, आणि हातातील पहार गडगडत खाली आली. लोक ओरडिले, "झपाटला! धातूने धरिला!" गिरमाजीपंत तुळशीवृंदावनाचे आड जाऊन बसले. आणि मग एकाएकी सटवाजी उभा राहिला. उड्या नाहीत, ओरडणे नाही, मध्येच एका जागी स्वस्थ उभा. हे पाहोन लोक अधिकच भ्याले, की आता तो मेला आणि उभाच आहे. आऊसाहेबांनी अंगणात येऊन पडद्याची चाड न धरिता विचारिले, "सटवाजी, काय होते आहे? बोल!" वरून आवाज आला, "आऊसाहेब, हितं पाय भाजंना! हितं पारव्यांनी शीट केलीया, पांढरं झालंय समदं, हितं गार लागतंय! काळ्यावर पाय ठेवला की तवा हाय तवा!" आणि तो दुसऱ्या पांढऱ्या डागावर उडी मारून गेला आणि म्हणाला, "हितं बी गार!"

सर्व लोक हसावे की पळावे या विचारात पडिले. पण आऊसाहेब हसल्या नाहीत. त्या पदर खोचून शिडी चढिल्या, आणि राणी शिडीवर चढते हे पाहोन मानकरी डोळे झाकून उभे राहिले. त्यांनी काळ्यावर हात ठेविला आणि चटकन काढिला, तळव्यास फोड आला. मग पांढऱ्यावर ठेविला आणि तसाच ठेवून राहिल्या. बराच वेळ राहिल्या. मग खाली मान करून, कोणास न सांगता सांगावे तसे, म्हणाल्या, "काळे ऊन पिते. पांढरे ऊन माघारी धाडिते. छप्पर नाही हो, आम्ही भाजतो आहो बाळास. आम्ही सर्वांनी मिळोन भाजतो आहो." मग मोठ्याने हुकूम केला, "हे सर्व काजळ काढा, आणि वरून चुना द्या."

हुकूम जाहला आणि एकही माणूस हालले नाही. तीट पुसावयाची! राजाचे मुलावरील, सबंध गावाने लाविलेली! देशमुख म्हणाला मला पाठीत उसण आहे. पाटील म्हणाला आज माझा उपास. गिरमाजीपंत वृंदावनाचे आडूनच म्हणाले, "आऊसाहेब, जीव मागा, देतो. पण मला मुले आहेत." सटवाजी, जो वाघास भ्याला नाही, तो शिडीखाली येऊन रडो लागला आणि म्हणाला, "माझ्या हातानं पोरगं मेलं म्हणतील." आणि मैनाऊने धावत येऊन शिडीचे पायथ्याशी लोळण घेतली आणि आऊसाहेबांचा पाय धरिला. "द्वारके, माझं ऐक गं. तुला दूध पाजलंय मी. पुसू नको. पुसलेली पीडा रिकाम्या हातानं परत जात न्हाई. ती कुणाला तरी घेऊनच जाती." आऊसाहेब थरथर कापत होत्या, हे लिहिणाराने पाहिले आहे, म्हणोन लिहितो. त्यांस काही धैर्य आले वगैरे शाहीर सांगतात ते खोटे. त्या म्हणाल्या, "मैनाऊ, मलाही तेच भय आहे. तुझ्याहून जास्त आहे. पुसले आणि हा गेला, तर मीच मारिला म्हणोन जन्मभर जळेन. नाही पुसले तर हा डोळ्यांदेखत भाजतो आहे. सांग, काय करू?" मैनाऊने पाय सोडिला नाही, तो आऊसाहेबांनी सोडविला.

मग राणी द्वारकाऊसाहेब स्वतः वर गेल्या, आणि राख, रिठा आणि काथ्या घेऊन, पायांस ओल्या चिंध्या गुंडाळून, पहिले आपणच लाविलेली तीट पुसली, आणि मग मैनाऊची पुसली, आणि मग सर्व गावाची. प्रत्येक हातास तोंडाने देवीचे नाव घेत, आणि मधूनच थांबून खाली ओरडत, "श्वास चालतो आहे ना? बघा, चालतो आहे ना?" आणि खालून लिहिणार पाळण्यापाशी उभा राहून ओरडे, "चालतो आहे, आऊसाहेब!" आणि मग पुन्हा काथ्याचा आवाज. गाव अंगणात उभा होता आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हता. काजळ निघाले, मग डिंक घालून कालविलेला चुना फासला, आणि छप्पर पांढरेशुभ्र जाहले. राईचे कोयते तोवर दाराशी तसेच पडून होते. ऊन कलण्यापूर्वीच घरातील झळ ओसरली. मग भिंती निवल्या. मग दगडोजीराजांनी डोळे उघडिले, तोंड वाकडे केले, आणि रडले. ते रडणे ऐकोन आऊसाहेब छपरावरच बसल्या आणि हाताचे काळे-पांढरे तोंडास फासून घेऊन ओक्साबोक्शी रडल्या. ताप हळूहळू उतरला. मूल दूध ओढू लागले, हातपाय नाचवू लागले.

पण मैनाऊ त्या छपराखाली पुन्हा आली नाही. अंगणापलीकडे तिची गवताची खोपटी होती, तेथे ती जाऊन राहिली. आऊसाहेबांनी बोलावणे धाडिले तर म्हणे, "मी आले तर माझ्या पावलानं पीडा आत यील. ती अजून बाहेर हिंडतीया." मूल बरे होत होते तसतशी ती अधिकच भीत होती. दारात बसोन वाड्याकडे पाही, कोणी मूल हसले म्हणोन सांगितले तर कानांवर हात ठेवी आणि म्हणे, "मोठ्यानं बोलू नका."

आणि मग वैशाखाचे अखेरीस एके दुपारी वारा सुटला, आणि गावाचे खालचे आळीत कोणाची चूल भडकली, आणि एका छपरावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून दहाव्यावर, आग गाव चढत वर आली. विझविण्यास पाणी कोठले! माणसे लेकरे काखेत मारून धावत सुटली, आणि धावता धावता प्रत्येकाने वर पाहिले आणि पाहिले की सर्व गावात एकच छप्पर पेटत नाही. जळत्या गवताचे पुंजके त्या पांढऱ्या पत्र्यावर पडत, घरंगळत, विझत, आणि राख होऊन पन्हळीत जात. मग सारा गाव त्याखाली शिरला. देशमुख आणि महार, गाई आणि गाईंचे मालक, सर्व एकमेकांस चिकटून, वर टपटप निखारे पडतात तो आवाज ऐकत, श्वास धरून बसले. गिरमाजीपंतांचे दात वाजत होते. घागरभर काजळी-तेल जर त्या पत्र्यावर तसेच असते, तर काय होते, हे त्यांस तेव्हा उमजले, आणि लिहिणारासही उमजले, आणि त्या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

आऊसाहेब मुलास घेऊन दारात उभ्या होत्या. समोर अंगण, अंगणात ठिणग्यांचा पाऊस, आणि पलीकडे खोपटीचे दारात मैनाऊ, बसलेली. आऊसाहेब किंचाळिल्या, "मैनाऊ, ये! धाव!" मैनाऊ उठली नाही. अंगण काही रुंद नव्हते, म्हातारी चालत आली असती तरी पोचली असती. ती तेथूनच ओरडिली, "द्वारके, बाळाला आत घे! ती आली बघ. तिला माणूस पाहिजे, तिला मी देते. मी हाय हितं, तू भिऊ नको." आऊसाहेब म्हणाल्या, "अगं पीडा नाही, आग आहे, ऊठ!" आणि मूल लिहिणाराचे हाती देऊन धावणार, तो सटवाजीने त्यांस मागे ढकलिले आणि आपण गेला. तो अर्ध्या अंगणात पोचला तेव्हा खोपटीचे छप्पर बसले. सटवाजी भाजल्या हातांनी परत आला, आणि हात रिकामे होते.

मग आग आपोआप सरली, कारण गावात जाळावयास काही उरले नाही, आणि पत्र्यावरून राईकडे जावयास तिला वाट मिळाली नाही. गाव राखेचा जाहला. राखेत फक्त भांडी होती, वाकलेली, काळवंडलेली, ज्याची त्याची. गिरमाजीपंतांनी पहिले आपले हंडे उचलून तांबटापुढे नेऊन ठेविले. मग सर्वांनी नेले. त्याच भांड्यांचे पत्रे जाहले आणि घरोघर पांढरी छपरे चढली, आणि ज्यांस भांडी पुरली नाहीत त्यांस शेजाऱ्यांनी आपली दिली. कोयते गंजून गेले. शाकारणी बंद पडली. राई पसरत खाली आली, बोडक्या डोंगरावर कारवी पुन्हा दिसू लागली, झऱ्यास चैत्रातही पाणी राहू लागले, आणि टाकी भरू लागली.

पण गावाने खोपटीचे जागी मैनाऊचा शेंदरी दगड बसविला, आणि बायका तेथे नारळ वाढवू लागल्या आणि म्हणू लागल्या, "हिने राजाची पीडा आपल्यावर घेतली, म्हणोन पोर वाचले. तीट पुसली होती ना, ती कोणाला तरी नेणारच होती." दगड बसविते दिवशी आऊसाहेब मुलास कडेवर घेऊन आल्या. पुजाऱ्याने हेच शब्द मोठ्याने म्हटले, आणि सर्व गावाने माना डोलविल्या. आऊसाहेब शेंदरावर हात ठेवून म्हणाल्या, "पीडा कसली रे? गवत होते. नुसते गवत होते. ती चार पावले चालली असती." सर्व पाया पडले आणि घरी गेले, आणि वाटेत हळूच म्हणाले की आऊसाहेबांस दुःखाने तसे वाटते.

ऐसे हे वर्तमान, ऐकिले नाही, पाहिले ते लिहिले. राई उभी आहे, झरा वाहतो आहे, छपरे दर साली चुन्याने पांढरी होतात. दगडोजीराजे खुशाल आहेत, हे मात्र हळू वाचावे.